‘गुड्स वन्स सोल्ड’ आणि इंग्रजी वाक्याचे दोन सांधे

कापडाच्या दुकानातून बाहेर पडताना हाती आलेली पावती सहसा कुणी वाचत नाही. रक्कम पाहिली जाते आणि पावती पिशवीत जाते. मात्र त्या पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले एक वाक्य बहुतेकांना तोंडपाठ असते : ‘गुड्स वन्स सोल्ड विल नॉट बी टेकन बॅक’. त्याचे मराठी रूपही तितकेच परिचयाचे आहे : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’

हे वाक्य पाठ असलेल्या माणसाला तशाच बांधणीचे दुसरे वाक्य स्वतः तयार करावयास सांगितले, तर मात्र तो अडखळतो. ‘मागच्या आठवड्यात दुरुस्तीसाठी दिलेला मोबाइल अजून परत मिळालेला नाही’ हे साधे वाक्य इंग्रजीत सांगताना अनेकांची गाडी ‘मोबाइल’पाशीच रुळांवरून घसरते. शब्द ठाऊक असतात, काळही माहीत असतात. अडचण असते ती जोडणीची. वस्तूचे वर्णन करणारे वाक्य आणि ‘केले गेले’ असे सांगणारे वाक्य एकमेकांना कोठे आणि कसे जोडावयाचे, हा प्रश्न सुटत नाही. इंग्रजी व्याकरणाच्या भाषेत पहिल्याला ‘रिलेटिव्ह क्लॉज’ आणि दुसऱ्या रचनेला ‘पॅसिव्ह व्हॉइस’ म्हणतात. रोजच्या इंग्रजीत हे दोन सांधे सतत एकत्र येतात.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यास २००० साली सुरुवात झाली. त्यापूर्वीच्या पिढ्यांची इंग्रजीशी ओळख पाचवीत होत असे. दोन्ही पिढ्यांत एक गोष्ट समान राहिली. ‘चेंज द व्हॉइस’ हा प्रश्न परीक्षेत गुण मिळवून देत असे. पण ते रूप प्रत्यक्ष कोठे वापरावयाचे आणि दुसऱ्या वाक्यात कसे गुंफावयाचे, हे क्वचितच सांगितले जाई. नोकरीचा अर्ज, बँकेकडील तक्रार, विम्याचा दावा किंवा मुलाखतीतले उत्तर लिहिण्या-बोलण्याची वेळ आली की ही उणीव उघडी पडते.

मराठीत नाम शेवटी, इंग्रजीत आधी

मराठी वाक्याची रीत अशी की वर्णन आधी येते आणि ज्याचे वर्णन करावयाचे ते नाम मागून येते. ‘पुण्याहून काल संध्याकाळी कुरिअरने पाठवलेले पत्र’ या शब्दसमूहात ‘पत्र’ हा महत्त्वाचा शब्द सर्वांत शेवटी आहे. ऐकणाराही शेवटपर्यंत थांबतो. इंग्रजीची चाल नेमकी उलटी आहे. तेथे आधी नाम सांगून टाकावयाचे आणि मग त्याच्यामागे वर्णनाचे डबे जोडावयाचे : ‘द लेटर सेंट फ्रॉम पुणे बाय कुरिअर यस्टरडे इव्हिनिंग’. मराठीत इंजिन शेवटी लागते, इंग्रजीत ते सुरुवातीलाच असते.

मराठीत वर्णनाची दुसरीही सोय आहे, ती ‘जो-तो’ची. ‘जे पत्र काल पाठवले, ते अजून पोचले नाही.’ येथे ‘जे’ आणि ‘ते’ अशी सर्वनामांची जोडी आहे. इंग्रजीत या जोडीतील एकच सर्वनाम लागते. मराठीच्या सवयीने ‘विच लेटर वॉज सेंट यस्टरडे, दॅट लेटर हॅज नॉट रीच्ड’ असे वाक्य तयार होते आणि ते इंग्रजी कानाला खटकते. योग्य रूप असे : ‘द लेटर दॅट वॉज सेंट यस्टरडे हॅज नॉट रीच्ड अस’. याच सवयीची दुसरी चूक म्हणजे ‘द लेटर विच आय रोट इट’. ‘विच’ या शब्दाने पत्राचा उल्लेख एकदा केला आहे. पुन्हा ‘इट’ची गरज उरत नाही.

मराठीत ‘जो’, ‘जी’, ‘जे’ अशी निवड लिंगावरून होते. इंग्रजीत ती व्यक्ती की वस्तू यावरून होते. व्यक्तीसाठी ‘हू’, वस्तूसाठी ‘विच’ आणि बोलण्यात दोहोंसाठी ‘दॅट’ चालते. ‘ज्याचा’, ‘जिची’, ‘ज्यांचे’ या साऱ्यांसाठी ‘हूज’ हा एकच शब्द पुरतो. ‘ज्या मुलीचे नाव यादीत नव्हते ती रडू लागली’ हे वाक्य ‘द गर्ल हूज नेम वॉज नॉट ऑन द लिस्ट बिगॅन टु क्राय’ असे होते.

‘वर’, ‘मध्ये’, ‘पाशी’ या अर्थाचे शब्दही सांभाळावे लागतात. ‘मी काम करतो ते ऑफिस’ या मराठी शब्दसमूहात ‘मध्ये’ हा अर्थ मनातच राहतो. इंग्रजीत तो बोलून दाखवावा लागतो : ‘द ऑफिस आय वर्क इन’ किंवा ‘द ऑफिस व्हेअर आय वर्क’. नुसते ‘द ऑफिस आय वर्क’ म्हटले की वाक्य लंगडते.

कर्मणी प्रयोग म्हणजे पॅसिव्ह नव्हे

दुसऱ्या सांध्याबाबत मराठी विद्यार्थ्यांचा एक जुना गैरसमज आहे. शाळेत ‘पॅसिव्ह व्हॉइस’ला ‘कर्मणी प्रयोग’ हा प्रतिशब्द शिकविला जातो आणि दोन्ही एकच आहेत अशी समजूत होते. प्रत्यक्षात त्यांत मोठे अंतर आहे.

‘रामाने आंबा खाल्ला’ हे मराठीत कर्मणी प्रयोगाचे वाक्य आहे, कारण ‘खाल्ला’ हे क्रियापद ‘आंबा’ या कर्माप्रमाणे चालते. आंब्याऐवजी पोळी असती तर ‘खाल्ली’ झाले असते. पण अर्थाच्या दृष्टीने वाक्याचा नायक रामच आहे. इंग्रजीत हे वाक्य सरळ ‘राम एट अ मँगो’ असे होईल आणि ते ‘ॲक्टिव्ह’च राहील. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळ जाणारे मराठी रूप वेगळे आहे : ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’. ‘कडून’ आणि ‘जाणे’ यांनी घडणाऱ्या या रूपाला मराठी व्याकरणात नवीन कर्मणी असे म्हणतात. घरात मात्र असे कुणी बोलत नाही. हे रूप कचेरीतल्या कागदांत आणि बातम्यांत भेटते.

याचा व्यावहारिक परिणाम दुहेरी होतो. ‘मी अर्ज पाठवला’ हे सांगण्यासाठी काही जण उगाचच ‘द ॲप्लिकेशन वॉज सेंट बाय मी’ असे अवघडलेले इंग्रजी लिहितात. ‘आय सेंट द ॲप्लिकेशन’ हे पुरेसे असते. उलट ‘मला सांगण्यात आले’ या वाक्याला खरोखर पॅसिव्ह हवे असते, तेव्हा ‘आय वॉज सेड’ असे चुकीचे रूप तोंडी येते. तेथे ‘आय वॉज टोल्ड’ हवे. ‘आय वॉज एक्स्प्लेन्ड’ हीदेखील नेहमीची चूक. समजावली जाते ती गोष्ट, माणूस नव्हे. म्हणून ‘इट वॉज एक्स्प्लेन्ड टु मी’.

पॅसिव्हची घडण सोपी आहे. ‘बी’ या क्रियापदाचे काळानुसार येणारे रूप आणि मुख्य क्रियापदाचे तिसरे रूप, एवढाच मसाला लागतो : ‘इज सोल्ड’, ‘वॉज सोल्ड’, ‘हॅज बीन सोल्ड’, ‘विल बी सोल्ड’. काळ बदलतो तो ‘बी’चा, ‘सोल्ड’ जागचे हलत नाही. हे लक्षात ठेवले की पुढची जोडणी सुकर होते.

मात्र प्रत्येक क्रियापदाला हा साज चढत नाही. ज्या क्रियेला कर्मच नाही, तिचे पॅसिव्ह होत नाही. ‘हॅपन’, ‘अराइव्ह’, ‘डाय’, ‘अपिअर’ ही अशी क्रियापदे. ‘द ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड’ हे वाक्य भारतात पुष्कळदा ऐकू येते. ते चुकीचे आहे. अपघात ‘होतो’, तो ‘केला जात’ नाही. म्हणून ‘द ॲक्सिडेंट हॅपन्ड’.

जोडणी पायरीपायरीने

आता दोन्ही सांधे एकत्र आणता येतील. दोन सुटी वाक्ये घ्यावीत. ‘अ लेटर वॉज सेंट ऑन मंडे.’ ‘द लेटर हॅज नॉट रीच्ड अस.’ दोन्हींत पत्र हा समान दुवा आहे.

पहिली पायरी : मुख्य बातमी कोणती ते ठरवावे. येथे पत्र पोचले नाही ही मुख्य बातमी. सोमवारी पाठवले हे त्याचे वर्णन.

दुसरी पायरी : वर्णनाच्या वाक्यातील नाम काढून त्या जागी ‘दॅट’ किंवा ‘विच’ घालावे आणि तो तुकडा मुख्य वाक्यातील नामाच्या लगेच मागे बसवावा. ‘द लेटर दॅट वॉज सेंट ऑन मंडे हॅज नॉट रीच्ड अस.’ वाक्य येथेच पूर्ण आणि शुद्ध आहे.

तिसरी पायरी ऐच्छिक आहे, पण रोजच्या इंग्रजीचा डौल तिच्यातच आहे. ‘दॅट वॉज’ हे दोन्ही शब्द गाळावेत. ‘द लेटर सेंट ऑन मंडे हॅज नॉट रीच्ड अस.’ मराठीतील ‘सोमवारी पाठवलेले पत्र’ याच्याशी हे रूप अर्थाने तंतोतंत जुळते. ‘पाठवलेले’ या एका शब्दात मराठी जे साधते, तेच इंग्रजीत नुसते ‘सेंट’ साधते. गाळावयाचे तर दोन्ही शब्द एकदम, हे पथ्य पाळावे. ‘द लेटर दॅट सेंट’ किंवा ‘द लेटर वॉज सेंट ऑन मंडे हॅज नॉट रीच्ड’ ही अर्धवट गाळलेली रूपे चुकीची ठरतात.

दुकानाच्या पावतीवर हेच झाले आहे. ‘वन्स सोल्ड’ हा ‘वन्स दे आर सोल्ड’ याचा संक्षेप आहे आणि ‘विल नॉट बी टेकन बॅक’ हे मुख्य वाक्यही पॅसिव्ह आहे. आठ शब्दांत दोन पॅसिव्ह एकमेकांत अडकविले आहेत.

एकटा शब्द आधी, सोबत असेल तर मागे

वर्णनाचा शब्द एकटा असेल, तर इंग्रजीतही तो मराठीप्रमाणे नामाच्या आधी येतो : ‘अ ब्रोकन चेअर’, ‘अ रिटन रिप्लाय’. त्याच्याबरोबर आणखी माहिती आली की तो नामाच्या मागे जातो : ‘अ चेअर ब्रोकन बाय द चिल्ड्रेन’, ‘अ रिप्लाय रिटन इन मराठी’. ‘मराठीत लिहिलेले उत्तर’ या क्रमावर भिस्त ठेवून ‘अ रिटन इन मराठी रिप्लाय’ म्हणता येत नाही.

‘-लेला’चा फसवा सारखेपणा

मराठीतील ‘-लेला’ हा प्रत्यय फार उदार आहे. ‘पाठवलेले पत्र’ आणि ‘आलेला पाहुणा’ या दोन्हींना तो सारखाच लागतो. पत्र कुणी तरी पाठवले आहे. पाहुणा मात्र स्वतःच आला आहे. इंग्रजी हा फरक सोडत नाही. ‘द लेटर सेंट यस्टरडे’ चालते. ‘द गेस्ट केम यस्टरडे’ याचा अर्थ मात्र ‘पाहुणा काल आला’ असा पूर्ण वाक्याचा होतो. म्हणून तेथे ‘हू’ ठेवावेच लागते : ‘द गेस्ट हू केम यस्टरडे हॅज लेफ्ट’. ‘काल घडलेला अपघात’ हाही ‘द ॲक्सिडेंट दॅट हॅपन्ड यस्टरडे’ असाच होतो. साधी कसोटी अशी : मराठी शब्दाच्या जागी ‘गेलेला’ लावून ‘पाठवला गेलेला’, ‘विकला गेलेला’ असे म्हणता आले, तर संक्षेप करता येतो. ‘आला गेलेला’ असे म्हणता येत नाही, म्हणून तेथे संक्षेप नाही. ‘फॉलन लीव्ह्ज’ म्हणजे गळलेली पाने, ‘रिटायर्ड टीचर’ म्हणजे निवृत्त शिक्षक असे काही रूढ अपवाद आहेत. ते शब्दांसारखे पाठ करावेत.

काळाच्या छटाही या संक्षेपात टिकविता येतात. ‘बांधलेला पूल’ म्हणजे ‘द ब्रिज बिल्ट’, ‘बांधला जात असलेला पूल’ म्हणजे ‘द ब्रिज बीइंग बिल्ट’ आणि ‘बांधावयाचा पूल’ म्हणजे ‘द ब्रिज टु बी बिल्ट’. निविदा, नगरपालिकेच्या नोटिसा आणि घरबांधणीच्या जाहिराती वाचताना या तिन्हींतील फरक ओळखणे पैशाच्या दृष्टीनेही हिताचे असते. माहितीपत्रकातील ‘फॅसिलिटीज टु बी प्रोव्हायडेड’ या शब्दांत सोयी आज आहेत असे कोठेही म्हटलेले नसते.

कर्ता ‘मी’ असेल तर

‘मी पाठवलेले पत्र’ याचे भाषांतर ‘द लेटर सेंट बाय मी’ असे करण्याचा मोह होतो. व्याकरणाने ते चूक नाही, पण बोलीत ते जड वाटते. कर्ता ‘मी’, ‘तू’, ‘ती’ असा सर्वनामाचा असेल, तर इंग्रजी माणूस पॅसिव्हच्या वाटेला जात नाही. तो ‘द लेटर आय सेंट’ म्हणतो. येथे ‘दॅट’ गाळले आहे, कारण पत्र हे त्या वर्णनातील कर्म आहे. ‘आईने केलेल्या पोळ्या’ म्हणजे ‘द चपातीज मदर मेड’. कर्ता अज्ञात, बिनमहत्त्वाचा किंवा लांबलचक नावाचा असेल, तेव्हा पॅसिव्ह शोभते.

माहितीपर लेखनात याचे चांगले उदाहरण सापडते. ‘द गेटवे ऑफ इंडिया, डिझाइन्ड बाय जॉर्ज विटेट, वॉज कम्प्लीटेड इन १९२४.’ वाक्याचा विषय वास्तू आहे, वास्तुशिल्पी नव्हे; म्हणून दोन्ही ठिकाणी पॅसिव्हच योग्य. तसेच ‘द दर्पण, विच वॉज स्टार्टेड बाय बाळशास्त्री जांभेकर इन १८३२, वॉज प्रिंटेड इन टू लँग्वेजेस’. ६ जानेवारी १८३२ रोजी निघालेल्या या पत्रात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई. दोन भाषांच्या वाक्यरचना समोरासमोर ठेवून पाहण्याची सोय मराठी वाचकाला पहिल्याच वर्तमानपत्राने करून दिली होती, हा योगायोग लक्षणीय आहे.

स्वल्पविरामाची किंमत

वरील दोन्ही वाक्यांत वर्णनाच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम आहेत. गेटवे एकच आहे, ‘दर्पण’ही एकच, वर्णन काढले तरी कोणाविषयी बोलणे चालले आहे हे कळते. असे वर्णन जादा माहितीचे असते आणि त्याला स्वल्पविराम लागतात. तेथे ‘दॅट’ चालत नाही, ‘विच’ किंवा ‘हू’ लागते. मात्र वर्णनावरूनच नाम ओळखावयाचे असेल, तर स्वल्पविराम घालू नयेत.

हा केवळ टापटिपीचा मुद्दा नाही. एखाद्या कंपनीच्या परिपत्रकातील वाक्य असे असू शकते : ‘द एम्प्लॉइज हू वेअर अपॉइंटेड आफ्टर २०१० विल नॉट बी पेड धिस अलाउन्स’. म्हणजे २०१० नंतर नेमलेल्यांनाच भत्ता नाही, आधीच्यांना आहे. ‘एम्प्लॉइज’च्या पुढे आणि ‘२०१०’च्या पुढे स्वल्पविराम टाकले, की अर्थ होतो : सर्वच कर्मचारी २०१० नंतर नेमलेले आहेत आणि कोणालाच भत्ता मिळणार नाही. दोन टिंबांनी जुन्या कर्मचाऱ्यांचा भत्ता कागदावरून पुसला जाऊ शकतो.

संक्षेप कोठे थांबवावा

संक्षेपाने वाक्य आटोपशीर होते, पण कधी कधी वाचक चकतो. इंग्रजीतील नियमित क्रियापदांचे दुसरे आणि तिसरे रूप सारखेच असते. ‘द क्लार्क हँडेड द फाइल लेफ्ट द रूम’ हे वाक्य वाचताना प्रथम वाटते की कारकुनाने फाइल दिली. मग ‘लेफ्ट’ हा शब्द येतो आणि सारे कोसळते. अभिप्रेत अर्थ आहे, ‘ज्या कारकुनाला फाइल दिली गेली तो खोलीबाहेर गेला’. वाचकाला आधी चुकीच्या वाटेने नेणाऱ्या अशा वाक्यांकडे अमेरिकी मानसभाषाशास्त्रज्ञ थॉमस बेव्हर यांनी १९७० मध्ये लक्ष वेधले आणि मेंदू वाक्य कसे उलगडतो याच्या अभ्यासात ती पुढे वारंवार वापरली गेली. अशा जागी ‘हू वॉज’ हे दोन शब्द वाचविण्यात शहाणपण नाही. ‘द क्लार्क हू वॉज हँडेड द फाइल लेफ्ट द रूम’ असे लिहिले की संभ्रम उरत नाही.

वर्णन लांबले की मुख्य क्रियापदाचा मेळ बिघडण्याचाही धोका असतो. ‘द बॉक्सेस लेफ्ट नियर द डोअर आर हेवी’ या वाक्यात ‘डोअर’ जवळ असल्याने ‘इज’ लिहिले जाते; पण जड आहेत ती खोकी, दार नव्हे.

कोणी केले, हे कोण सांगणार?

पॅसिव्हचा सर्वांत मोठा गुण आणि सर्वांत मोठा दोष एकच आहे : कर्ता न सांगता वाक्य पूर्ण होते. ‘द रोड वॉज बिल्ट इन १९६०’ म्हणताना कंत्राटदाराचे नाव कुणाला नको असते. पण जबाबदारीचा प्रश्न आला की हीच सोय आडोसा होते. २७ जानेवारी १९८७ रोजी इराणला शस्त्रे विकल्याच्या प्रकरणाविषयी बोलताना अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी गंभीर चुका ‘केल्या गेल्या’, अशा अर्थाची कर्ताहीन रचना वापरली होती. इंग्रजीत ‘मिस्टेक्स वेअर मेड’ हे शब्द आता अंग काढून घेण्याच्या वृत्तीचे नावच होऊन बसले आहेत. कर्तरी रचना शक्य असेल तेथे पॅसिव्ह टाळावे, असा सल्ला जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ मधील राजकारण आणि इंग्रजी भाषा या विषयावरील निबंधात दिला होता. गंमत अशी की त्याच निबंधात त्यांनी स्वतः पॅसिव्ह मुबलक वापरले आहे. पॅसिव्ह वर्ज्य करता येत नाही, ते जाणून वापरावे लागते, हाच त्याचा अर्थ.

मराठीला हा आडोसा परका नाही. तिच्यापाशी तर अधिक सोपी सोय आहे. ‘फुटणे-फोडणे’, ‘तुटणे-तोडणे’, ‘पडणे-पाडणे’ अशा क्रियापदांच्या जोड्या मराठीत ठायी ठायी आहेत. लहान मूल ‘मी कप फोडला’ म्हणत नाही, ‘कप फुटला’ म्हणते; मोठी माणसे ‘चूक झाली’ म्हणतात. इंग्रजीत ‘द कप ब्रोक’ म्हणजे कप फुटला आणि ‘द कप वॉज ब्रोकन’ यात कुणी तरी फोडल्याची शक्यता डोकावते. विम्याच्या दाव्यात किंवा पोलिसांकडील तक्रारीत यांपैकी कोणते रूप लिहिले, यावर वाचणाऱ्याचे मत घडू शकते.

थोडा सराव

पुढील वाक्ये आधी स्वतः इंग्रजीत करून पाहावीत आणि मग उत्तरांशी ताडावीत.

१. मला काल मिळालेला निरोप अपुरा होता.
२. दुरुस्तीसाठी दिलेले घड्याळ अजून परत आलेले नाही.
३. ज्या मुलाची सायकल चोरीला गेली, तो आठवीत आहे.
४. काल रात्री पडलेल्या झाडाने रस्ता अडला आहे.
५. पुढच्या महिन्यात घेतल्या जाणाऱ्या परीक्षेचे वेळापत्रक लावण्यात आले आहे.

उत्तरे : १. ‘द मेसेज आय रिसीव्ह्ड यस्टरडे वॉज इनकम्प्लीट.’ कर्ता ‘मी’ असल्याने पॅसिव्ह नको. २. ‘द वॉच गिव्हन फॉर रिपेअर हॅज नॉट कम बॅक येट.’ ३. ‘द बॉय हूज बायसिकल वॉज स्टोलन इज इन द एट्थ स्टँडर्ड.’ ४. ‘द रोड इज ब्लॉक्ड बाय अ ट्री दॅट फेल लास्ट नाइट.’ झाड स्वतः पडले, म्हणून ‘दॅट’ राहिले. ५. ‘द टाइमटेबल ऑफ द एक्झाम टु बी हेल्ड नेक्स्ट मंथ हॅज बीन पुट अप.’

पुन्हा पावतीकडे

दुकानाच्या पावतीवरील वाक्य आता नव्याने वाचता येईल. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ कोण घेणार नाही? वाक्य सांगत नाही. जणू हा निसर्गनियमच आहे आणि दुकानदार त्याचा केवळ निरोप्या आहे. त्याचे कर्तरी रूप केले, तर ते ‘वुई विल नॉट टेक बॅक द गुड्स वुई सेल’ असे होते. आता नकार देणारा समोर उभा दिसतो आणि त्याला ‘का?’ असे विचारताही येते.

हा प्रश्न विचारण्यास कायद्याचाही आधार आहे. जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तू परत घेऊन पैसे देण्यास पावतीवर नमूद मुदतीत नकार देणे आणि मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत नकार देणे, ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. नुसता विचार बदलला म्हणून साडी परत करण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. पण विणीतच दोष असेल, तर पावतीच्या तळाशी छापलेले ते वाक्य दुकानदाराच्या मदतीला येत नाही. त्या वाक्याने गाळलेला कर्ता मग ग्राहकाला तक्रारीत लिहावा लागतो. दोष असलेली वस्तू कोणी विकली आणि ती परत घेण्यास कोणी नकार दिला, हे तेथे पॅसिव्हच्या आडोशाने सांगून चालत नाही.